नवा टीव्ही नको, आहे तो चालू करा

१ मेच्या ग्रामसभेपूर्वी ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांना एका जिल्हा परिषद शिक्षकाचे आवाहन



येत्या महाराष्ट्र दिनी गावोगाव ग्रामसभा भरतील. त्याच सकाळी शाळेत झेंडावंदन होईल, निकाल वाटला जाईल आणि वर्गांना उन्हाळ्याच्या सुट्टीचे कुलूप लागेल. त्या कुलपाआड स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, संगणक आणि इन्व्हर्टरही बंद होतील. त्यातले कितीतरी आधीपासूनच बंद आहेत. म्हणून सुट्टी लागायच्या आत, हात जोडून एकच मागणे आहे. यंदा शाळेला कोणतेही नवे यंत्र देऊ नका. जे आहे ते बाहेर काढा, तपासा, दुरुस्त करा आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते वर्षभर चालते ठेवण्याची जबाबदारी नावानिशी घ्या.

मी प्राथमिक वर्गांना शिकवतो. वर्गातल्या पडद्यावर माझा राग नाही, उलट तो मला हवा आहे. म्हणूनच देणगीच्या फलकाखाली धूळ खात पडलेला टीव्ही बघवत नाही.

आपण दिले खूप, हे आधी मान्य करू. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि डिजिटल शाळांची लाट उसळली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल झाल्याचे राज्याने पाहिले आणि गावोगावच्या लोकांना वाटले, आपली का नको? यात्रा कमिट्यांनी शिल्लक दिली, गणेश मंडळांनी डीजेचा खर्च वाचवला, बचत गटांच्या बायकांनी शंभर-दोनशे घातले, मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनी पगारातून पैसे पाठवले. सरकारी शाळेसाठी लोकांनी एवढ्या आपुलकीने खिशात हात घालावा, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पण फीत कापल्याचा फोटो पेपरात आला की देणाऱ्याचे काम संपते. तिथून पुढे त्या यंत्राचे काय होते, ते शाळेत रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक असते.

सगळ्यात आधी दगा देते ती बॅटरी. इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, त्यातले पाणी पाहायला कोणी नसेल तर त्याही आधी. नवी घ्यायची तर पैसे कोणत्या खात्यातून? समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. हप्ता वेळेवर आला तर ठीक, नाहीतर मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून बिल भरतात. ते जमले नाही की वायरमन येऊन वीज तोडतो, आणि वीज नाही म्हटल्यावर भिंतीवरचा टीव्ही शोभेचा होतो.

दुसरे कारण बदली. शाळेत एखादे सर किंवा बाई अशा असतात, ज्यांना सगळे जमते. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, धड्यांचे व्हिडिओ त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये, दुरुस्तीवाल्याचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये. बदलीच्या यादीत त्यांचे नाव आले की चार्ज देताना नोंदवहीत ‘संगणक नग ४’ एवढेच लिहिले जाते. नव्या शिक्षकाच्या हाती चार नग येतात, चालवायची किल्ली येत नाही.

तिसरे कारण सॉफ्टवेअर. देणगीत आलेल्या अनेक अभ्यासक्रम-संचांचा परवाना ठरावीक काळापुरता असतो. तो संपला की पडद्यावर नूतनीकरणाची सूचना झळकते आणि धडा उघडत नाही. संगणकांचेही तसेच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेला मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. जुनी यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नसताना ती इंटरनेटला जोडणे धोक्याचे. अशा कित्येक संगणकांवर लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकता येते. ती टाकून देणारा एखादा पोरगा आपल्याच गावातून पुण्याला आयटीत गेलेला असतो. त्याला कोणी विचारलेले नसते.

चौथे कारण उंदीर, ओल आणि वीज. मे महिनाभर वर्ग बंद. मृगाचा पहिला गडगडाट होतो तेव्हा प्लग भिंतीतच असतो आणि अर्थिंगची पट्टी कधीच गंजलेली असते. शाळा उघडते तेव्हा टीव्हीचा बोर्ड जळालेला असतो.

आणि पाचवे कारण कागदी. पार मेलेले यंत्रही शाळेला टाकून देता येत नाही. ते डेडस्टॉक नोंदवहीत असते. त्याचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढणे, व्हावे लागते, त्यासाठी प्रस्ताव आणि वरची मंजुरी लागते. तोवर त्याने कपाट अडवायचे आणि दरवर्षीच्या तपासणीत ‘उपलब्ध’ म्हणून मोजले जायचे. यामुळे कागदावर शाळा डिजिटल राहते आणि नवा देणगीदार पुन्हा एक टीव्ही घेऊन दारात उभा राहतो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, बंद पडले तर पडू द्या, खडू-फळ्यावर आम्ही नाही का शिकलो? शिकलात. माझेही निम्म्याहून जास्त शिकवणे आजही खडू-फळ्यावरच चालते. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला, तोंडाने आवाज काढून शब्द जुळवायला, माझ्या मांडीशी बसून वाचायला पडदा लागत नाही. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी समजते. दहाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करण्याचे काम मुलाच्या बोटांनी करावे लागते. ते काम पडद्यावरच्या चित्राने करून दाखवले तर मूल टाळ्या वाजवते आणि वजाबाकी तशीच राहते. जो शिक्षक तास भरून काढायला व्हिडिओ लावून दाखले लिहीत बसतो, त्याचे समर्थन मी करणार नाही.

पण काही गोष्टी फळ्यावर होतच नाहीत. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलाला भरती-ओहोटी, धडधडणाऱ्या हृदयातल्या झडपांची उघडझाप, बीजातून मोड फुटण्याचे आठवडाभराचे काम मिनिटभरात: हे दोन मिनिटांच्या चित्रफितीने जेवढे होते, तेवढे माझ्या तासाभराच्या बोलण्याने होत नाही. इंग्रजी शब्दांचे उच्चार मुलांनी माझ्याकडूनच ऐकले तर ते माझ्यासारखेच बोलतील. ध्वनिफीत असेल तर त्यांना निवड राहते.

द्विशिक्षकी शाळेचा विचार करा. चार-पाच इयत्ता, दोन शिक्षक, त्यातला एक मीटिंगला. जोडवर्गात एका गटाला मी वाचन घेत असताना दुसऱ्या गटाने टॅबवर स्वतःचे वाचन रेकॉर्ड करावे, मग कानाला लावून ऐकावे. मूल स्वतःचा अडखळणारा आवाज ऐकते आणि कोणी न सांगता पुन्हा वाचते. याला इंटरनेट लागत नाही, महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. चार्ज केलेला एक टॅब लागतो. ज्या मुलाला दिसायला कमी आहे, त्याच्यासाठी पुस्तकाच्या पानाचा फोटो टीव्हीवर चौपट मोठा करता येतो. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, मेळघाटात कोरकू बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांच्या आजीने घरच्या बोलीत सांगितलेली गोष्ट वर्गात ऐकवली, तर पहिल्याच दिवशी त्यांना ही शाळा आपली वाटते आणि तिथून मराठीकडे यायला वाट सापडते. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोरांशी धागा टिकवायचा, तर फडावरच्या फोनवर पाठवलेली चार मिनिटांची गोष्ट उपयोगी पडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्या कामाची दखल घेऊन त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि १० लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटला. लोकांच्या लक्षात बक्षीस राहिले. मला महत्त्वाचे वाटते ते हे की तिथले तंत्र स्वस्त होते, शिक्षकाच्या हातातले होते आणि मुलाच्या पुस्तकालाच जोडलेले होते. आज आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही तसे कोड आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपवरचे बरेच साहित्य एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालते. म्हणजे सामग्रीची टंचाई नाही. अडते ते वीज, दुरुस्ती आणि चालवणारे हात यांपाशी.

हे माझे एकट्याचे म्हणणे नाही. २००० साली गुजरात सरकारने बडोद्यातल्या बहुतेक महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ मध्ये ‘प्रथम’ या शैक्षणिक संस्थेने पाहिले, तर लहान वर्गांतली मुले ते क्वचितच वापरत होती. काही शाळांत ते खोक्यांतून बाहेरही निघाले नव्हते, कारण चालवणारे कोणी नव्हते. मग संस्थेने वस्तीतलीच माणसे नेमली, त्यांना पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघांना, गणिताचे खेळ खेळायला बसवले. मुलाला जेवढे येते तेवढ्यापासून खेळ सुरू होई. गणितातली प्रगती ठळक होती. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेला हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक तेच होते, फक्त त्यांच्यामागे माणूस उभा राहिला. आणि त्याच अभ्यासात हेही दिसले की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात कमावलेले बरेचसे ओसरले. म्हणजे एकदा चालू करून भागत नाही, चालू ठेवावे लागते.

उलट उदाहरण पेरू देशाचे. तिथल्या सरकारने शाळकरी मुलांसाठी लाखो लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण शाळांत तपासले, तेव्हा भाषा आणि गणित यांच्या गुणांत फरक सापडला नाही.

दूर कशाला, पुण्यात १९८४ साली सुरू झालेली ‘बालचित्रवाणी’ आठवा. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ती संस्था २०१७ मध्ये निधीअभावी बंद पडली. उभारायला आपल्याकडे उत्साह पुष्कळ असतो, पोसायला तरतूद नसते.

म्हणून पुढची कामे. सगळी मे महिन्यात होण्याजोगी आहेत. गावात लग्नसराई आहे, यात्रा आहेत, शहरातली मंडळी सुट्टीवर येणार आहेत. हात मिळतील तर आत्ताच.

१. यादी करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी मुख्याध्यापकांना भेटून दिवस ठरवावा आणि प्रत्येक यंत्र लावून पाहावे. तीन रकाने पुरेत: चालू, दुरुस्त होण्याजोगे, मेलेले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे कामच आहे. तेव्हा हा कोणावर अविश्वास नाही. मुख्याध्यापकांनाही यामुळे हायसे वाटेल.

२. वीज आधी, यंत्र नंतर. गावातल्या वायरमनने एक दिवस शाळेला द्यावा. अर्थिंग, उघड्या तारा, मुलांच्या हाताला येणारे बोर्ड तपासावेत. थकलेले बिल असेल तर ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून काय करता येईल ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचारावे.

३. एक यंत्र, एक नाव. चालू आणि दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक यंत्राची देखभाल एका मंडळाने, बचत गटाने किंवा माजी विद्यार्थ्याने वर्षभरासाठी घ्यावी. बॅटरीचे पाणी, परवान्याची तारीख, दुरुस्तीचा खर्च हे त्याच्याकडे. भिंतीवर फलक लावायचाच असेल तर देणाऱ्याच्या नावाशेजारी सांभाळणाऱ्याचेही नाव लावा.

४. मेलेल्याला निरोप द्या. निर्लेखनाचा प्रस्ताव समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पाठपुरावा करा. मंजुरीनंतर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नका. ई-कचऱ्याचे नियम देशात लागू आहेत, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्या. बॅटरीतले शिसे आणि आम्ल पोरांच्या खेळाच्या मैदानाशेजारी पडता कामा नये.

५. किल्ली कागदावर आणा. पासवर्ड, परवान्याच्या तारखा, दुरुस्तीवाल्याचा नंबर, डाउनलोड केलेल्या धड्यांची यादी एका वहीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. शिक्षक बदलून गेले तरी वही राहील.

६. मुलांना सांभाळू द्या. चौथी-पाचवीपुढची मुले प्लग काढणे, पडदे लावणे, टॅब मोजून ठेवणे ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली चोख करतात. मुलींनाही यात घ्या, नाहीतर झाडू त्यांच्याकडे आणि रिमोट पोरांकडे अशी वाटणी आपोआप होते.

देणगीदार संस्था आणि कंपन्यांना वेगळी विनंती. शंभर शाळांना एकेक टीव्ही देण्यापेक्षा पंचवीस शाळांची यंत्रे पाच वर्षे चालू ठेवा. तालुक्याला एक दुरुस्ती करणारा तरुण नेमा, त्याला मोटारसायकल आणि सुट्या भागांची पेटी द्या. आणि द्यायच्या आधी वर्गात एक दिवस बसा. कोणत्या इयत्तेत, कोणत्या धड्याला, कोण वापरणार हे शिक्षकाला विचारा. त्याला उत्तर देता आले नाही तर देऊ नका.

शासनाला यातून सूट मिळू नये. लोकवर्गणी हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही. वीजबिलाची वेगळी आणि वेळेवर येणारी तरतूद, निर्लेखनाची सोपी पद्धत आणि केंद्रशाळेच्या पातळीवर एक तंत्रसहायक, या तीन मागण्या ग्रामसभेने ठरावातून वर पाठवाव्यात. शिवाय शिक्षकाचा मोबाइल आज वर्गात सर्वांत जास्त कशासाठी वापरला जातो, याचाही एकदा हिशेब व्हावा. हजेरी, पोषण आहार, यू-डायस, फोटो, लिंक. शिकवण्याचे तंत्रज्ञान बंद आणि माहिती भरण्याचे चोवीस तास चालू, ही स्थिती शिक्षकाने निर्माण केलेली नाही.

पालकांनो, घरातल्या फोनबद्दलही एक शब्द. २०२४ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारले, तेव्हा मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली सुमारे ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. आपल्याला भोंगा नको असेल तर नको, पण शाळेत टॅबवर शिकलेले मूल घरी येऊन पुस्तक उघडेल एवढी शांतता त्याला द्या. आम्ही वर्गात पडदा वीस मिनिटांत बंद करतो, कारण पुढची वीस मिनिटे बोलायला, लिहायला आणि चुकायला लागतात.

नवे यंत्र न घेतल्याने मुले मागे पडतील, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली, अशी भीती काही जण घालतात. उद्या जे काही येईल तेही वीज, दुरुस्ती आणि जाणता शिक्षक यांच्यावरच चालणार आहे. ही तीन अंगे आज लंगडी ठेवली तर उद्याचे यंत्रही त्याच कपाटात जाईल. आणि ज्याला मराठीचा परिच्छेद वाचून समजत नाही, त्याला यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे कसे कळणार?

ग्रामसभेत मांडण्यासाठी ठरावाचा मसुदा देतो आहे. गरजेप्रमाणे बदला:

“आपल्या गावातील जिल्हा परिषद शाळेतील सर्व विद्युत व डिजिटल साहित्याची तपासणी शाळा व्यवस्थापन समितीने ३१ मेपूर्वी करावी. दुरुस्त होण्याजोगे साहित्य शाळा उघडण्यापूर्वी सुरू करावे. प्रत्येक साहित्याच्या वर्षभराच्या देखभालीची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. निकामी साहित्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तातडीने पाठवावा. पुढील वर्षभरात शाळेला नवीन साहित्य स्वीकारायचे झाल्यास देणाऱ्याने किमान पाच वर्षांच्या देखभालीची लेखी हमी द्यावी. शाळेच्या वीजबिलासाठी शासनाने स्वतंत्र तरतूद करावी, अशी ही ग्रामसभा शिफारस करते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या कामाचा अहवाल वाचला जावा.”

विषय अजेंड्यावर घेण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आजच पत्र द्या, नाहीतर ऐनवेळच्या विषयांत तो चहाबरोबर संपून जाईल. ठरावाला सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावे लागतात. त्यातले एक तुमचे असू द्या.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक